चामराजपुरमची बिनवासाची गाय

म्हैसूरला जाऊन आले असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "राजवाडा बघितला? दिवे लावतात तेव्हाचा?" नाही बघितला. "चामुंडीचा डोंगर?" खालून बघितला, रिक्षातून. "मग बघितलंत तरी काय?" शेण बघितलं. काळं, घट्ट, गोळ्या-गोळ्यांचं आणि अजिबात वास नसलेलं. ज्यांना ही माहिती पुरेशी वाटते त्यांनी पुढं वाचायची गरज नाही. बाकीच्यांना सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

मी सांगलीची. जनावरांच्या चाऱ्याची डॉक्टर. गाय आजारी पडल्यावर सुई घेऊन येतो तो डॉक्टर वेगळा. गाय काय खाते आणि खाल्लेलं तिच्या अंगी लागतं की नाही, हे बघणारी मी. माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, वत्सलामावशी, म्हैसूरला असते. जन्मही तिकडचाच. सासूबाई गेल्यापासून तिचा फोन सणासुदीला यायचा. यंदा मधेच आला. "सुलभा, आमची तुंगा वाळत चालली बघ. दूध आटलं. पुट्टी तर वाढतच नाही, तशीच आहे इवलीशी. तू एवढी शिकलीस त्यातलं, अल्वा, हो ना? येऊन बघ ना." तुंगा म्हणजे गाय आणि पुट्टी तिची कालवड. नवऱ्याचे गुडघे प्रवासाला नाही म्हणाले, म्हणून एकटीच निघाले.

चामराजपुरम

स्टेशनवर मावशीचा मुलगा नागोजी आला होता. नागोजी राव. राव हे काही आडनाव नाही, तिकडच्या मराठा घरांत पाळण्यातल्या पोराच्या नावामागेही राव लागतो. नागोजी विम्याच्या कचेरीत अधिकारी आहे. "आमचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, वहिनी," हे त्यानं रिक्षा सुरू व्हायच्या आत सांगितलं. घोडदळाचा हा वारस गाईच्या दाव्याला हात लावत नाही, हे मला घरी पोचल्यावर कळलं. त्याला तिच्या शिंगांची भीती वाटते.

घर जुनं, कौलारू, पुढं पारिजातक, मागं गोठा. गोठ्याला लागून शेजारच्या नव्या इमारतीची भिंत. मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, "मावशी, गाय कुठंय?"

"बा गं, ये आत. आधी कॉफी."

कॉफी झाली. मग आंघोळ. मग तिंडी, म्हणजे नाश्ता, म्हणजे उप्पिट्टू आणि त्यावर ओल्या खोबऱ्याचा डोंगर. "गाय?" "अय्यो, गाय कुठं पळते काय? स्वल्प खा." स्वल्प म्हणजे थोडं, असं मला सांगण्यात आलं. ताटात पडलेलं बघून ते खरं वाटत नव्हतं. आमच्या सांगलीत पाहुण्याच्या हातात चहाचा कप दिला की आपण मोकळे, तोही मोकळा. इथं पाहुण्यानं कामाचं नाव काढलं की यजमानाचा अपमान होतो. गोठ्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझ्या पोटात दोन जेवणांचा ऐवज होता.

तुंगा बघितली आणि मी कपाळाला हात लावला. संकरित गाय, हाडापेरानं चांगली, पण बरगड्या दिसत होत्या. अंगावरचे केस राठ, उभे राहिलेले. पुट्टीचं डोकं मोठं आणि धड लहान. दोघींची गव्हाण मात्र अशी, की आमच्याकडची गाय हेवा करील. हिरवा चारा, कडबा आणि घमेलंभर शेंगदाण्याची पेंड, रात्रभर भिजवलेली. एवढं प्रथिन पोटात जाणारी गाय अशी दिसूच शकत नाही.

"आणि शेण बघ," मावशी कौतुकानं म्हणाली. "किती घट्ट! वास म्हणून नाही. या गल्लीत कुणाच्या घरच्या माणसाचंसुद्धा पोट इतकं चांगलं नसेल."

मी घमेल्यात हात घातला. पेंडीत लालसर तपकिरी भुसकट मिसळलं होतं. भरपूर. "हे काय?"

"चिंचोक्याची टरफलं," नागोजी दारातूनच म्हणाला. आत येणार नाही, पण माहिती पुरवणार. मग त्यानं सगळं सांगितलं. शेजारच्या इमारतीत सुब्बण्णा राहतात, निवृत्त इंजिनियर, गल्लीचे पुढारी. इमारत झाल्यापासून त्यांच्या खिडकीत गोठ्याचा वास जायचा. तक्रारी झाल्या, बैठक झाली, आणि ठरलं की पुन्हा वास आला तर गाय गल्लीतून जाणार. नागोजीनं सगळ्यांसमोर मान डोलावली होती. त्याच सुमाराला मंडी मोहल्ल्यातल्या एका चिंचवाल्यानं त्याला सांगितलं की टरफलं घाला, वास जाईल. घातली. गेला. गल्ली खूश, नागोजी खूश, सुब्बण्णांनी तर पेढे आणून दिले.

"आणि गाय?" मी विचारलं.

"गाय पण खूशच असणार," नागोजी म्हणाला. "तक्रार तर नाही तिची."

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी मावशीला नीट समजावून सांगितलं. "मावशी, कच्चं केळं चावलं की तोंडात काय होतं?"

"ओगर लागतं. जीभ ओढल्यासारखी."

"तेच. त्या तुरट रसाला टॅनिन म्हणतात. ते लाळेतल्या प्रथिनाला पकडतं, म्हणून जीभ ओढते. चिंचोक्याच्या टरफलात ते ठासून भरलेलं. तुंगेच्या पोटात तेच होतं. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात जंतू असतात, ते पेंडीतलं प्रथिन फोडतात. टॅनिन त्या प्रथिनाला अशी मिठी मारतं की जंतूंचं काही चालत नाही. थोडं असलं तर फायदाच होतो. तिथं वाचलेलं प्रथिन पुढच्या आंबट पोटात सुटतं आणि अंगी लागतं. पण तुम्ही घालता एवढं असलं तर पुढंही सुटत नाही, सगळं शेणातून बाहेर. वास यायचा तो मुतातून जाणाऱ्या जास्तीच्या प्रथिनाचा. आता मुतात जायला काही उरतच नाही. तुला वाटतं तू पेंड गाईला घालतेस. तू ती शेणाला घालतेस!"

मावशी चिंच कोळत होती. हात थांबला नाही. "मग काय करायचं म्हणतेस?"

"टरफलं मूठभर ठेव, त्याहून जास्त नको. पेंडही थोडी कमी कर. गोठा दोनदा धुवून मूत वाहतं ठेव."

"वाहून ते सुब्बण्णांच्या दारावरून जातं गं. गटार तिकडूनच आहे."

"थोडा वास येईल. येऊ दे."

"आला तर तुंगा जाते," मावशी म्हणाली. मग कोळ गाळून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नागोजी आणि त्याची बायको सकाळीच जातात कचेरीला. हे गेल्यापासून दिवसभर घरात मी आणि ती. तिच्यासाठी उठते मी. नाहीतर उठून करायचं काय?"

मला वाईट वाटलं. पण मी पोषणाची डॉक्टर आहे आणि वाईट वाटून कालवड वाढत नाही. "मूठभर," मी म्हटलं. "शपथ घे." तिनं घेतली.

मंडी मोहल्ला

दुसऱ्या दिवशी मी नागोजीला घेऊन त्या चिंचवाल्याकडे गेले. रस्त्यात नागोजीनं लोण्याचा मऊ दोसा खायला घातला, आणि एवढ्या वैतागातही सांगते, तसा दोसा मी जन्मात खाल्ला नव्हता. तोंडात घातला की कुठं गेला ते कळत नाही. मी तीन खाल्ले आणि मग रागावायचं बळ आलं.

चिंचवाले बाशाभाई दुकानाच्या पायरीवर बसले होते. मागं चिंचेच्या गोण्या, आंबूस वास, बाजूला फोडलेल्या चिंचोक्यांचा ढीग. मी विचारलं, किती घालायला सांगितलं होतं?

"मुठ्ठीभर बोल्या था मैं," बाशाभाईंनी मूठ करून दाखवली. "पन आंटी तो हर हफ्ते बोरी मंगाती. मैं समझ्या दस-बारा गाय हैं घर में."

नागोजीचं तोंड उघडंच राहिलं. "आई मला तर मूठभरच म्हणाली होती!"

घरी येऊन मी मावशीला म्हटलं, तुझी मूठ दाखव. तिनं तांदूळ मापायचं पितळी भांडं आणून दाखवलं. "हेच की मूठ. आमच्या घरी मूठ म्हणजे हेच. चार माणसांचा भात ह्याच मुठीचा होतो." ही मूठ माझ्या दोन ओंजळींहून मोठी होती, आणि ती सकाळ-संध्याकाळ पडत होती. मी भांडं काढून घेतलं आणि माझ्या खोलीत पलंगाखाली ठेवलं. त्या रात्रीचा भात अंदाजानं झाला आणि खिमट झाला. त्याबद्दलही मलाच ऐकून घ्यावं लागलं.

तलकाड

खरं तर मला गोठ्यात बसून तुंगा काय खाते ते बघायचं होतं. पण पाहुणी आली आणि तलकाडला नेली नाही तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक काही म्हणणार नाहीत, लोकांना मी आलेय हेच माहीत नाही. ऐकतो कोण! नागोजीनं गाडी काढली. मावशी पुढं बसली, कारण मागं तिला मळमळतं.

तलकाडला कावेरीच्या काठी वाळूच वाळू आहे आणि वाळूत बुडालेली देवळं. खणून काढलेल्या देवळाकडं जायला वाळू तुडवत चढायचं आणि मग पायऱ्या उतरून खाली जायचं. चपला देवळापासून लांब काढायची पद्धत. भर दुपारी. मी नाचत-नाचत गेले आणि नाचत आले. नागोजी मागून सांगत होता की वाळू का आली याच्या मागं एका राणीचा शाप आहे. मला त्या क्षणी त्या राणीचं मन अगदी समजलं.

तिथून पुढं येसाजीकाकांचं शेत. हे मावशीचे धाकटे दीर, शेतातच घर करून काकूंबरोबर राहतात. काकूंनी नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, वाढला, चेंडूएवढा, सोबत कुळथाचं सार. मी घास चावला. सगळे जेवायचे थांबून माझ्याकडं बघायला लागले. "चावायचा नाही गं, गिळायचा!" मावशी म्हणाली. का ते कुणी सांगेना. चावला तर पाप लागतं का? आमच्याकडं लहानपणापासून बत्तीस वेळा चावा म्हणून डोकं खातात आणि इथं चावलं तर हसतात. मी गिळला. तो कुठंतरी छातीत बराच वेळ बसून होता.

जेवणानंतर मी एकटीच बांधावर गेले आणि तेवढाच वेळ मला त्या प्रवासात बरा गेला. काकांच्या शेळ्या बाभळीच्या शेंगा खात होत्या. त्याही तुरटच. पण शेळीची लाळ त्या तुरटपणाला तोंडातच बऱ्यापैकी आवरते, गाईची आवरत नाही. एकाला जे पचतं ते दुसऱ्याला पचत नाही. हे साधं वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले आणि घरोघरी लोक शेळीचं गाईला आणि गाईचं माणसाला लावत असतात.

काका मागून आले. "डॉक्टरीणबाई, वैनींना सांगा तुम्ही. तुंगेला इकडं धाडा म्हणावं. गवत आहे, पाणी आहे, वास आला तर कावेरीला येईल. मी कितींदा सांगितलं."

मी तिथंच मावशीला सांगितलं. एवढा सोपा उपाय! गाय इथं सुधारेल, पुट्टी वाढेल, सुब्बण्णांच्या नाकाला आराम. मावशी "होगली, राहू दे, बघू" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. नागोजी सगळा रस्ता घोडदळाबद्दल बोलत होता.

सुब्बण्णांच्या मुलीचं नवं घर

मला परतीचं तिकीट काढायचं होतं, पण थांबावं लागलं. सुब्बण्णांच्या मुलीनं त्याच इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गृहप्रवेश होता. गृहप्रवेशाला पहिलं पाऊल गाईचं पडायला हवं, मागून वासराचं, मग घरच्यांचं. आणि या सगळ्या भागात आता गाय उरली होती एकच. तुंगा.

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या माणसानं वास आला तर गाय हाकलू म्हणून बैठक घेतली, तोच माणूस पहाटे दारात उभं राहून गाईची वाट बघणार? "मग?" नागोजी म्हणाला. "गाय त्यांना हवीच आहे, वहिनी. वास तेवढा नको."

पहाटे गोठ्यात गेले तर मावशीनं तुंगेला हळदकुंकू लावून, शिंगांना झेंडूची माळ बांधून तयार ठेवलं होतं. पुट्टीच्या गळ्यात घुंगरू. शेण बघितलं. काळं आणि घट्ट. मी मावशीकडं बघितलं. "मूठभरच घातलं," ती म्हणाली आणि माळ नीट करत राहिली.

सुब्बण्णांचं घर म्हणजे आरसा होता. पांढऱ्याशुभ्र फरशा, त्यावर गाय घसरू नये म्हणून गोणपाट अंथरलेलं. भटजींचं मंत्र म्हणणं चालू होतं. सुब्बण्णा रेशमी धोतरात, हातात स्टीलची बादली घेऊन तुंगेच्या मागं उभे. गाईनं घरात गोमूत्र टाकलं तर अतिशय शुभ, म्हणून बादली. आणि ते शुभ झाल्यावर वास येऊ नये म्हणून बायकोच्या हातात फिनेल. देवा रे!

तुंगा उजवं पाऊल टाकून आत गेली. बायकांनी ओवाळलं. मग पुट्टी. ती गोणपाटावरून दोन पावलं चालली, फरशीवर आली, तिचे पुढचे पाय थरथरले आणि ती खाली बसली. नागोजीनं लांबूनच "हुश्श हुश्श" केलं. ती उठेना. मान फरशीवर टेकली.

"मुहूर्तावर बसली!" सुब्बण्णा आनंदानं म्हणाले. "शुभ, शुभ! फोटो, फोटो!" फोटोवाला धावला.

मग माझा तोल गेला. "शुभ काय डोंबलाचं!" मी ओरडले. आधी मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. "अंगात ताकद नाही म्हणून बसलीय ती! आईला दूध नाही, हिला अन्न लागत नाही, उपाशी आहे ती! तुमच्या खिडकीत वास येऊ नये म्हणून!"

भटजी थांबले. सुब्बण्णांनी बादली खाली ठेवली. "डॉक्टरम्मा," ते खरंच दुखावल्यासारखे म्हणाले, "गायीचं वाईट व्हावं असं मी कधी म्हटलं? चांगलं खाऊ घाला ना तिला."

"चांगलं खाल्लं, चांगलं पचलं, तर थोडा वास येणारच."

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, तो माणूस काही दुष्ट नव्हता. "थोडा म्हणजे किती?"

तेवढ्यात मावशी पुढं आली, साडी सावरून पुट्टीशेजारी फरशीवर बसली आणि तिची मान मांडीवर घेतली.

"मी काल भांडं शोधून काढलं गं," ती मला म्हणाली. "तुझ्या पलंगाखालून. आज सगळ्यांसमोर वास आला असता तर? म्हणून दुप्पट घातलं. तू पहिल्या दिवशी सांगितलंस ते नवीन नव्हतं मला. डोळे आहेत मला. बरगड्या मोजता येतात. पण ती भरली तर जाते, वाळली तर राहते. मग मी काय करायला पाहिजे होतं? सांग की तू. शिकलीस ना एवढी."

मला रडू आलं, आणि त्या फिनेलच्या बाटलीकडं बघून संतापही आला, दोन्ही एकदम.

मावशीनंच पुट्टीच्या पोटाखाली हात घातला. दुसऱ्या बाजूनं मी घातला. पुट्टी उठली, उभी राहिली. मावशी सुब्बण्णांना म्हणाली, "आयतु ना, झालं ना तुमचं? पाऊल पडलं. जाते मी." मग दारात येऊन, "नागोजी, टेंपो सांग. तलकाडला."

"आज लगेच? तुंगेबरोबर कोण जाणार, आई?"

"मी."

"जाऊन परत कधी येणार?"

दुपारी टेंपोत गाय, कालवड, पेंडीचं पोतं आणि मावशीची एक पेटी चढली. ती चालकाशेजारी पुढं बसली, कारण मागं तिला मळमळतं. जाताना मला म्हणाली, "जेवल्याशिवाय निघू नकोस, सारू केलंय."

मी सारू-भात जेवून निघाले. स्टेशनवर नागोजी फक्त एवढंच बोलला, "गाय बघायला बोलावलं होतं, वहिनी. तुम्ही आईच घालवलीत." गाडी हलली तरी तो तिथंच उभा होता. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला म्हणवत नाही. संध्याकाळी कचेरीतून येऊन तो आणि त्याची बायको रिकाम्या घराचं कुलूप उघडत असतील, आणि हे मला अजून छळतं.

परवा मावशीचा फोन आला. तिथं काकूंशी तिचं रोज वाजतं, मुद्दे नीट होत नाही, डास फार आहेत, नागोजी दर रविवारी येतो आणि तोंड फुगवून बसतो. असं बरंच सांगून झालं. मी विचारलं, पुट्टी कशी आहे?

"अय्यो, काय सांगू तुला," ती म्हणाली आणि हसायलाच लागली. "सकाळी गोठ्यात गेलं ना, तर असा वास, असा वास, डोळ्यांतून पाणी येतं बघ माझ्या."